बारीक व्हायच्या गोळ्या

लढाईवरून परतलेल्या भाच्यासाठी मुलगी पाहताना आत्याने हौसाला ‘लय जाड’ म्हणून नाकारलं. तिची आई चंद्राबाई बारीक व्हायच्या गोळ्या घ्यायला सांगलीला गेली. दुकानदाराने बजावलं, “वजन उतरेल, पण छाती धडधडेल, हात थरथरतील.” चंद्राबाईने दोन्ही बाजू तोलल्या. “थरथरू द्या की. पोरगी लाजती म्हनत्याल.” तीन महिन्यांनी मध्यस्थाने तेच पाहुणे पुन्हा कोरेगावला आणले. हौसा चहा घेऊन आली. गाल बसलेले, चोळी ढगळ. कप बशीवर वाजत होते. आत्याने निरखून विचारलं, “खोकला कवापासनं हाय?” चंद्राबाई घाईने म्हणाली, “आवं, क्षय न्हाई! बारीक व्हायच्या गोळ्या चालू हायत.” “बारीक व्हायला कोन गोळ्या खातंय, बाई? गोळ्या हायत म्हंजी रोग हायच.” चहाला हात न लावता पाहुणे उठले. हौसाने भरलेले कप उचलत विचारलं, “आये, आता पोटभर जेवू का?”