थाळी वाजली

सोलापुरात, रुक्मिणीच्या गल्लीत पाणी पाच दिवसांनी येतं. ज्याच्या नळाला आधी धार लागेल त्यानं थाळी बडवून गल्ली जागी करायची. आज ती दवाखान्यात होती. सासूबाईंची किडनी नवऱ्याला बसवली होती आणि लघवीची पिशवी कोरडीच. "मेंदू हार्मोनचा निरोप धाडतो, किडनी तेवढंच पाणी सोडते," डॉक्टर म्हणाले. "दुपारपर्यंत सोडलं नाही, तर अवघड आहे." "म्हंजी आमच्या नळाला पाणी सोडणारा चावीवालाच की! लई छळतो मेला," म्हणत रुक्मिणी नवऱ्याच्या खोलीच्या काचेला नाक लावून बसली. बाराला नळीत थेंब चमकला, मग धार लागली. सिस्टरनं तीनदा पिशवी बदलली! रुक्मिणीनं जेवणाची थाळी उचलून दणादण बडवली. माणसं सोलापूरचीच; अख्खा वॉर्ड बादल्या घेऊन धावला. सगळ्यांच्या पुढं डॉक्टर! "कुठं आलं?" तिनं पिशवीकडं बोट दाखवलं. डॉक्टरांनी बादली उलटी केली आणि बडवायला घेतली.