कमोडचा हिरवा दिवा

हिरवा दिवा लागला तर रघुवीरला गोव्याची सहल मिळणार होती, लाल लागला तर दवाखाना. लग्नसराईत पंगती झोडताना त्याने गोळ्या चुकवल्या होत्या, आणि बसवलेली किडनी रुसली की घरचा स्मार्ट कमोड लघवी तपासून लगेच चुगली करी.

"शालन, तुझीच लघवी दे. किडनीही तुझीच, यंत्राला काय कळतंय!"

"एवढंच द्यायचं राहिलं होतं!" बायकोने हसत पेला भरून दिला.

त्याने तो ओतला. लाल दिवा! "किडनी निकामी होत आहे. ताबडतोब दाखल व्हा."

"खोटारडं मेलं!" म्हणत त्याने स्वतः लघवी केली. हिरवा दिवा लागला.

रघुवीरने शालनचा रिकामा पेला पुन्हा उचलून पाहिला.

"अहो, झालात का पास?" बॅग भरता भरता शालनने बाहेरून विचारलं.

तिने नवऱ्याला दिलेली किडनी ठणठणीत होती. स्वतःसाठी ठेवलेली एकच, ती निकामी होत चालली होती.