परत केलेली विद्या

विमानतळावरच्या खुर्चीत हेमांगी सोवनीच्या डोक्यावर तारांची टोपी बसवली गेली. परदेशी तज्ज्ञाचा परवाना संपला, की इथे कमावलेली विद्या इथेच पुसून जायचं, असा कायदा होता. बाकीच्या आठवणींना मात्र कुणी हात लावत नसे.

तेवढ्यात हेन्रिकचा फोन आला. तिच्या परवान्याच्या नूतनीकरणावर सही नाकारणारा साहेब तोच. समुद्राचं पाणी कारखान्याबाहेर फेकणारे पंप बंद पडले होते, आणि ते फक्त हेमांगीलाच सुरू करता येत. तिने इतरांना शिकवायची तयारी दाखवली होती, पण परदेशी बाईच्या हाताखाली आमची माणसं शिकणार नाहीत, असं म्हणून त्यानेच ते मोडून काढलं होतं.

"परवाना वाढवून देतो. लगेच उठ तिथून."

"थोड्या वेळाने फोन करा," ती म्हणाली आणि तंत्रज्ञाकडे बघून तिने मान डोलावली.

टोपी निघाली तेव्हा फोन पुन्हा वाजत होता.

"पाणी आत शिरलंय. आधी कुठला पंप लावू?"

"आई गेली तेव्हा तुम्ही मला रजा दिली नव्हती, ते लख्ख आठवतंय, साहेब," हेमांगी शांतपणे म्हणाली. "पंपांचं मात्र काहीच आठवत नाही."