पुंजाजीची फिर्याद

निवृत्तीनं कुऱ्हाडीचा पहिला घाव मोटेवर घातला. चामडं टरकन फाटलं. दुसरा घाव धाकट्या भावाच्या, पुंजाजीच्या खांद्यावर बसला. सदरा लाल होत गेला.

"तुले सांगतलं होतं ना बे," निवृत्ती दात खाऊन म्हणाला, "आपल्या इहिरीले बाटग्याचा हात लागू देनार नाही म्हनून."

पुंजाजीनं हात उचलला नाही. ख्रिस्ती झाल्यापासून तो मार खातच आला होता. धीर धर, प्रभू आपल्या वेळेला बघून घेईल, असं खामगावच्या गोऱ्या पाद्र्यानं त्याला सांगितलं होतं. त्याचा अर्थ या बहाद्दरानं आपल्या सोयीनं लावला होता. तहसिलीत फिर्याद टाकावी आणि तारखेची वाट पाहावी, तसा तो दर रविवारी गुडघे टेकून देवाला निवृत्तीच्या नावाची आठवण करून द्यायचा.

तिसरा घाव मानेवर येत होता. पुंजाजी बाजूला सरला. निवृत्तीचा पाय ओल्या दगडावरून सटकला, कुऱ्हाड काठावर राहिली आणि तो सरळ विहिरीत गेला. त्याला पोहता येत नव्हतं.

तो बुडाला, वर आला, कपारी धरू लागला. बोटं सोलली, नाकातोंडात पाणी गेलं. पुंजाजी वाकून बघत राहिला. आनंदच झाला त्याला, खोटं कशाला सांगायचं. इतक्या दिवसांनी तारीख लागली होती.

बैलांपाशी उभी असलेली त्याची बायको कोकिळा धावत आली आणि दोराला बांधलेली फाटकी मोट सोडू लागली. पुंजाजीनं तिचा हात धरला.

"थांब. देवानं आता मनावर घेतलं."

"अन् तुमाले इथं काऊन उभं केलं मंग त्यानं? पाह्याले?" तिनं हात हिसडून घेतला. "धीर धरला म्हनता. तुमी तर त्याच्या मरनाची वाट पाहून राह्यले होते."

पुंजाजीला ते खांद्यावरच्या घावापेक्षा जास्त लागलं. त्यानं स्वतःच मोट सोडली आणि दोर खाली टाकला.

"दादा, कंबरेले गुंडाळ."

कोकिळेनं बैल उतारावर हाकले. चाक करकरलं. वर येता येता निवृत्तीचा गुडघा दगडावर आपटून फुटला. शेवटी पुंजाजीनंच बगलेत हात घालून त्याला काठावर ओढलं.

निवृत्ती पालथा पडून पाणी ओकला. मग उठला आणि त्यानं कुऱ्हाड उचलली. कोकिळा नवऱ्याच्या पुढे झाली. तो तिच्याकडे बघेना, भावाकडेही बघेना. लंगडत बांधापर्यंत गेला आणि तिथून, न वळता, म्हणाला, "उद्या बी येईन."

पुंजाजी खाली बसला. खांदा ठणकत होता. देवाजवळ मागायला या वेळी त्याला काहीच सुचेना.

"ये दादा," तो म्हणाला. "आमी इथंच आहो."