देवांची जागा

"बॅग माझ्या सीटवर ठेव गं, मी उभी राहते," द्वारकाबाई म्हणाल्या. "एसटीत उभ्यानेच तर जायची मी."

विमानात हशा पिकला. खिडकीजवळचा तरुण तर खदाखदा हसला.

हवाईसुंदरीने समजावलं, "आजी, विमान फुल आहे, वरचे कप्पे भरलेत. बॅग खाली सामानात द्या, नाहीतर पायाशी ठेवा."

"घरचे देव आहेत त्यात. घर विकून लेकाकडे निघालेय. देव पायाशी कसे ठेवू?"

हशा विरला. ती मुलगी घुटमळली, मग हळूच म्हणाली, "बॅगेला जागा नाही, आजी. पण खिशातल्या वस्तूंना मनाई नाही."

"लुगड्याला कुठला आलाय खिसा?"

"मला आहे," म्हणत शेजारच्या गृहस्थांनी हात पुढे केला. गणपती त्यांच्या खिशात गेला, बाळकृष्ण मागच्या बाईंच्या पर्समध्ये. अन्नपूर्णा खिडकीजवळच्या तरुणाने मागून घेतली. समई, ताम्हन घेऊन बॅग सामानात गेली.

बेंगळुरूला विमान उतरलं. एकेकाने खिसा, पर्स चाचपून देव परत दिले.

तरुणाने खिशात हात घातलाच नाही. अन्नपूर्णा सगळा वेळ त्याच्या मुठीतच होती.