एकशेचाळीसचे जेट

मधल्या धारेत लाँच पुन्हा खोकली. कार्बोरेटरमधून दोन फटाके उडाले आणि इंजिन बंद पडले. काठावरच्या वीस माणसांनी दोर ओढून तिला हरिपूरच्या घाटाला आणले. तिसरी खेप वाया गेली होती.

समोर पुरात, मळ्यातल्या गोठ्याच्या पत्र्यावर, केरबा आणि त्याची बायको बनुबाई सकाळपासून उभी होती. पाणी वळचणीला लागले होते. गोठ्याच्या भिंती मातीच्या. त्या किती वेळ धरतील हे काठावर प्रत्येकाला ठाऊक होते. वल्ह्याची नाव त्या धारेत टिकत नव्हती. गूळ आटवायच्या काहिलीत बसून निघालेले दोघे कसेबसे जिवानिशी परत आले होते. उरली होती ती नानासोंची लाँच.

नानासो हळदीचे व्यापारी. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात त्यांनी हौसेने ही लाँच घेतली. तिच्या इंजिनावर हवा कोंबणारा एक लोखंडी भाता होता. असले इंजिन सांगलीत दुसरे नव्हते, आणि त्याला हात लावील असा माणूस चांदसाहेब मिस्त्रींशिवाय दुसरा नव्हता.

चांदसाहेबांनी प्लग काढून पाहिले. चुन्यासारखे पांढरे. म्हणजे हवा भरपूर आणि पेट्रोल तोकडे. काठाला इंजिन शहाण्यासारखे चाले. धारेत जोर मागितला की भाता हवा भसाभस कोंबी आणि पेट्रोल मागे पडे. उपाय साधा होता. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे पितळेचे एक इवलेसे जेट असते. त्यावर नंबर कोरलेला असतो. नंबर मोठा तेवढे भोक मोठे. त्यांनी आपल्या डब्यातून आधी एकशेवीसचे काढून बसवले, मग एकशेतीसचे. फरक काडीचा नाही.

"ह्यो भाताच खोटा हाय," चांदसाहेब चिडून म्हणाले. "कुठनंतरी चोरून हवा पितोय." त्यांनी भात्याचा एकूण एक सांधा साबण लावून बुजवला.

पाण्याच्या घोंगाटात पलीकडचा आवाज पोचत नव्हता. केरबा नुसता दिसत होता, वीतभर. तो उजवा हात डोळ्याशी नेई, मान वर करी, हात खाली घेई आणि पुन्हा डोळ्याशी नेई.

"डोळं पुसतोय बिचारा," लाँचच्या सुकाणूवर बसणारा, गुंडा नावाचा गडी म्हणाला.

चांदसाहेबांना तिकडे बघवेना. केरबा त्यांचा जुना दोस्त, नानासोंच्याच हळदीच्या लॉरीवरचा ड्रायव्हर. लढाईत पेट्रोल कुपनावर मिळू लागले तेव्हा चांदसाहेबांनी एक युक्ती काढली होती. जेटच्या भोकात कथील भरायचे आणि बायकोच्या शिवणाच्या सुईने त्यात बारीक छेद पाडायचा. पहिला प्रयोग केरबाच्याच लॉरीवर झाला. "मिस्त्री, ह्यातनं मुंगी बी जायची न्हाई," असे म्हणून केरबा पोट धरून हसला होता. चढाला लॉरी खोकायची, पण पेट्रोल निम्मे लागायचे. मग काय, कऱ्हाडपासून मिरजेपर्यंतच्या लॉऱ्या चांदसाहेबांच्या दारात रांगा लावू लागल्या. लढाई संपली तसे लोक एकेक करून नवी जेटे बसवून गेले. तो मान मात्र राहिला. आज त्याच मानाने त्यांना घाटावर आणून उभे केले होते.

"आता एकशेचाळीस. ह्याच्या वरचं ह्या जिल्ह्यात न्हाई," त्यांनी नंबर मोठ्याने वाचला आणि जेट आवळले. गुंडाने लाँच सोडली.

या वेळी ती पाऊण पात्र कापून गेली. काठावर कोणीतरी देवाचे नाव घेतले. पत्र्यावरच्या केरबाने दोन्ही हात जोरात हलवले आणि पुन्हा उजवा हात डोळ्याशी नेला. तेवढ्यात लाँच खोकली. एकदा, दोनदा. मग नुसते पाणी ऐकू येऊ लागले.

माणसे दोर ओढत असतानाच गोठा खाली बसला. आवाजसुद्धा झाला नाही. पत्रा धारेत एकदा फिरला, बनुबाईचे हिरवे लुगडे क्षणभर वर दिसले, आणि मग काहीच दिसले नाही.

नानासोंनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. ते म्हणाले, "तुमी तरी काय करनार, मिस्त्री? यंत्रच खोटं निघालं."

माणूस सुन्न झाला की हात आपले काम करत राहतात. चांदसाहेबांनी जेट सोडवले, पुसले, दोन बोटांत धरले, एक डोळा मिटला आणि मान वर करून आभाळाकडे धरून पाहिले. ज्वारीच्या कणीएवढा उजेड दिसायला हवा होता. दिसला सुईच्या टोकाएवढा. भोवती कथील होते, आणि ते त्यांच्याच हाताचे होते. लोकांनी काढून दिलेली जुनी जेटे सवडीने साफ करू म्हणून ते याच डब्यात टाकत आले होते, आणि ती सवड कधी झाली नव्हती. आज घाईत त्यांनी नुसते नंबर वाचले होते.

त्यांनी एकशेतीसचे डोळ्याशी नेले. मग एकशेवीसचे. मग डब्यातले दुसरे, तिसरे.

गुंडा ओल्या अंगाने शेजारी उभा राहून बघत होता.

"आवं मिस्त्री," तो म्हणाला, "केरबा बी सकाळपासनं आसंच करत हुता की!"