पुरणपोळ्यांचा डबा

देवानंदच्या परतवाड्याच्या कारखान्यातून गोठवलेल्या पुरणपोळ्यांचा पहिला कंटेनर कॅनडाला गेला. माल घेणारी दुकानदारीण अनुपमा मूळची अकोल्याच्या जठारपेठेतली. तिनं फोनवर पोळ्यांचं तोंड भरून कौतुक केलं, तर देवानंदच्या आईनं, पार्बताबाईनं, फोनच हिसकावला. "ते समदं ठीक हाय बाई, पण आमचा डबा काहून नाई धाडला?"

देवानंदनं कपाळावर हात मारला. "माय, तो डबा आपला नसते वं, जहाजवाल्याचा असते!"

पण पुढच्या महिन्यात खरंच एक कंटेनर कॅनडाहून कारखान्याच्या फाटकात येऊन उभा राहिला. माल वापस आला म्हणजे धंद्याले कुलूप! देवानंद फाटकाकडे धावला. त्यानं दार उघडलं. आत चाळीस फूट नुसता रिकामा अंधार, आणि मधोमध साखरेनं भरलेली एक स्टीलची वाटी.

पार्बताबाईनं आत डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं.



"एवढ्या मोठ्या डब्यात एवढीशीच साखर? हे अकोल्याचे लोक लय चिकट, बाप्पा!"